दशलक्षात किती

दोसूमामा तीन बाटल्या घेऊन आला,
पिवळ्या सदऱ्याच्या पोटाशी धरून,
जशी कुणी कोंबडीची पिल्लं आणावीत.
कोतोनूत मोटारसायकलवर माणसं वाहणाऱ्या सगळ्यांचा
हाच सदरा, पाठीवर नंबर.
त्याच्या नंबरातला सात उसवलाय.
"सांग," म्हणाला, "कुठलं घालू?
हे महाग, हे मधलं, हे स्वस्त.
अड्ड्यावर रोज भांडणं होतात यावरून.
तुझ्याकडे यंत्र आहे."

यंत्र आहे. बंदरातल्या जहाजांसाठी आहे.
रविवारी ते रिकामं असतं
आणि किल्ली माझ्याकडे.

एकेक थेंब केरोसीनमध्ये पातळ करून
मी ज्योतीत सोडला.
सूर्याच्या कातडीहून तप्त असते ती ज्योत,
तिच्यात प्रत्येक धातू आपापला रंग ओकतो.
तिथे कुणाचंही पितळ उघडं पडतं,
तांबं वेगळं, जस्त वेगळं.

महाग तेल : दशलक्षात जस्त अकराशे,
फॉस्फरस हजाराला टेकलेलं,
कॅल्शियम दोन हजारांवर, चिमूटभर बोरॉन.
मधलं तेल : जस्त एक हजार ऐंशी,
कॅल्शियम तेवढंच. बोरॉन नाही.
बाटलीवर उडी मारणारा चित्ता नाही.
मामाने मांडीवर थाप मारली,
"म्हणजे दोन हजार फ्रँक नुसत्या चित्त्याचे!"

मी सांगत राहिले :
गाडीचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो,
कारवाल्यांचं तेल स्वस्तात मिळालं म्हणून ओतू नकोस,
त्यातल्या घसरट औषधांनी क्लच सुटेल,
नेमका पुलाच्या चढावर, मागे बाई, बाईच्या मागे पोर.
आणि एअर फिल्टर बदल,
मागच्या वेळी तुझ्या जुन्या तेलात
गोदोमेच्या रस्त्याची अख्खी लाल धूळ होती.

तो ऐकत नव्हता.
तिसऱ्या बाटलीकडे बघत होता.

तिसरं तेल : जस्त एकशे चाळीस.
लोखंड बत्तीस.
नव्या तेलात लोखंड कुठून येईल?
ते कुणाच्या तरी इंजिनात आयुष्य काढून आलेलं,
वर रॉकेल, वर रंग, वर नवं झाकण,
झाकणावर मेण.
गाळाचा थेंब काचेवर घेऊन
डोळ्यांत तेल घालून पाहिलं
आणि भिंगाखाली एक धागा दिसला.
निळा. सुती.
कापडातून गाळलेलं.

ते कापड मी ओळखते.
निळ्यावर पांढरे मासे.
माझ्या शाळेच्या पहिल्या दिवशी आई ते नेसली होती.

जुळ्यांच्या पाठचा म्हणून मामाचं नाव दोसू.
त्या जुळ्यांतली एक माझी आई.
आक्पाक्पाच्या वळणावर तिचं टेबल आहे,
काचेच्या बरण्यांत पेट्रोल, खाली तेलाच्या बाटल्या.
त्या टेबलावरून माझी फी गेली,
रसायनशास्त्राची तीन वर्षं,
आवर्तसारणीचा तो तक्ताही,
ज्यात तिसावा जस्त.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.
"संशय होता," मामा म्हणाला.
"तिला मी कसं विचारणार? मोठी आहे."
मग बाटली उचलून म्हणाला, "चेनला चालेल,"
आणि ती घेऊनच गेला, पुरावा घेऊन जावा तसा
किंवा बहिणीची वस्तू कुणी उचलून ठेवावी तसा.

मी नळ्या तीनदा धुतल्या.
वहीत लिहिलं, नमुना तीन,
मूळ... आणि पेन थांबलं.

संध्याकाळी आई नरसाळं पुसत होती.
मी म्हटलं, उद्यापासून ते मधलं ठेव, बिनचित्त्याचं.
तिने वर पाहिलं नाही.
बऱ्याच वेळाने म्हणाली,
"बाटलीमागे किती सुटतील?"

दिवसभरात मला विचारलेला
हा एकच आकडा
यंत्राने काढला नव्हता.
मी टेबलाखाली वाकले
आणि बाटल्या मोजायला लागले.