हलवू नका

बाटली हलवायची नाही, उशिया बजावते, फेस येतो.
फेस मला शिकवू नकोस पोरी,
माल्पिकाच्या धक्क्यावर बेचाळीस वर्षं
मी फाटकी जाळी सांधते आहे.

पहिल्यांदा सुई हातातून पडली,
बाल्बिना म्हणाली, थंडी.
दुसऱ्यांदा पडली तेव्हा म्हणाली, वय.
मग एका संध्याकाळी किल्ली कुलपात फिरेना,
आणि मी माझ्याच दारात पाहुणीसारखी उभी.

डॉक्टर म्हणाले, तुमचेच शिपाई
तुमच्याच नसांवरचं वेष्टण कुरतडतायत.
शिपाई कसले, मी म्हटलं, उंदीर म्हणा,
हिवाळ्यात माळ्यावरच्या जाळ्यांना लागतात तसे.
ते थोडं थांबले.
उंदीर नाही हो, उंदरांसाठी पाळलेलं मांजर.

म्हणून महिन्यातून एकदा पहाटेची बस, आ कोरुन्या,
खिडकीजवळची खुर्ची,
आणि इम्युनोग्लोब्युलिन,
जे मला अजून एका दमात म्हणता येत नाही.
हजारो माणसांच्या रक्तातून गाळलेलं,
फिक्या पांढऱ्या वाइनच्या रंगाचं.
कुणी तासाला दांडी मारून दिलेलं,
कुणी फुकटच्या सँडविचसाठी.
दोसिंदाचा थोरलाही देतो म्हणे.
त्याच्या बापानं आमची होडी लुबाडली,
एकोणीस वर्षं त्या घराशी बोलणं नाही,
आणि आता तो कदाचित
माझ्या कोपरापर्यंत येऊन पोचलाय.
हे कसं गाळणार?

उशिया अर्ध्या तासानं थेंबांचा वेग वाढवते.
डोकं ठणकतं.
रिकाम्या बाटलीवरची पट्टी सोलून
ती माझ्या फाइलीत चिकटवते: नुसता एक आकडा,
नाव कुणाचंच नाही.

आठव्या दिवशी बटणं लागतात.
अकराव्या दिवशी गाठ, घट्ट,
दातांची मदत न घेता.
त्या आठवड्यात मी भुतासारखी काम करते,
जेवायलासुद्धा उठत नाही.
पंचविसाव्याला सुई पुन्हा फरशीवर.

या खेपेला जाळं बुधवारी समुद्रात गेलं,
तेव्हा माझ्या हातात कपही ठरत नव्हता.
शनिवारी परत आलं, सार्डिनांनी जड,
एके ठिकाणी हातभर फाटून.
मी खाली वाकून नीट पाहिलं.
गाठ माझी नव्हती.
बाल्बिनाची होती.

तिला सांगितलं नाही.
वारा सुटला होता,
आणि ती माझ्या कोटाचं वरचं बटण लावत होती.