हवाई खतावणी

एजी ऑफिसात बत्तीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या.
आता रात्री दहानंतर माझ्या मी करतो,
चिटणीस की गोठमधल्या मागच्या खोलीत,
कानाला हेडफोन, पायाशी डासांची अगरबत्ती.

आमच्या तुकडीचा प्रमुख बडोद्याचा मल्हार पोतनीस.
नववीत आहे. उद्या त्याचा संस्कृतचा पेपर.
"काका, चाकं आत घ्या."
"काका, चाकं."
"काका, ती बंदूक होती."
आणि त्याचंच शेपूट धूर सोडत खाली जातं,
जाताजाता "असू दे, असू दे" म्हणत.

हाताला सवय, म्हणून हिशेब ठेवलाय,
लाल शाईत.
गमावलेली विमानं: तीनशे बारा.
पैकी झाडाला लागून एकोणनव्वद
(एकच झाड, धावपट्टीच्या टोकाचं.
पोरं त्याला काकांचं झाड म्हणतात).
ढगात वर कुठलं नि खाली कुठलं
हे उशिरा कळल्यानं सत्तर.
शिंकेमुळे दोन.
लाइट गेल्यानं एक्केचाळीस,
ती वीज मंडळाच्या नावे टाकलीत.
पाडलेली: एक.
तो मला मारायला आला
आणि मी हवेतच थांबलो.
विमान थांबत नसतं, मल्हार म्हणतो.
माझं थांबतं.
तो पुढे निघून गेला, टेकडीत.

सकाळी बेडई आणायला जातो
तेव्हा महाराजपुऱ्याहून खरी उठतात.
कढईतलं तेल थरथरतं, हलवाई वरही बघत नाही.
मी बघतो. मान हलवतो.
"जरा लवकर वळला," म्हणतो.
"फौज में थे क्या, बाबूजी?"
मी भाजीच्या द्रोणात बघत राहतो.
तो एक बेडई जास्त टाकतो.
मी परत करत नाही.

परवा मात्र उतरलो.
डावा पंख अर्धा, इंधन शून्य,
दोनदा उसळून तिसऱ्यांदा टेकलो,
झाडाच्या चार हात अलीकडे.
सहा गावांतली पोरं कानात किंचाळली.
वही उघडली, तर
सुखरूप आलेल्यांचा रकानाच आखलेला नव्हता.

वसुधा दारात उभी.
"उतरलात? मग माळ्यावरचा डबाही उतरवा."
स्टुलावर चढलो. दीड फूट उंची.
पाय लटपटले.
"घाबरू नका, मी धरलंय," ती म्हणाली,
"आणि कशालाही हात लावू नका."

हुबेहूब मल्हार.