स्टिल

मंगळवारी सात वाजता, लायब्ररीच्या वरच्या खोलीत
मी बुटांचं खोकं उघडते.
आत कार्डं. एका बाजूला शब्द, दुसरी बाजू कोरी.
तिथे ज्याने त्याने आपल्या लिपीत
आपल्या घरचं लिहायचं. ते मी वाचत नाही.

पीटरहेडच्या मासळी कारखान्यातून येतात सगळे,
लिंबाने हात चोळून. वास तरी उरतोच.
रिमविदासला कॉड, हॅडॉक, मॅकरेल तोंडपाठ,
पण देणं-घेणं अजून उलटसुलट होतं त्याचं.
शेजारणीला म्हणाला, तुम्हाला शिडी उसनी देऊ का,
आणि तिचीच शिडी खांद्यावर टाकून घरी आला.
हसलो आम्ही. तोही हसला.

लेतेब्रहानने खोक्यातून 'स्टिल' काढलं.
सोपं आहे, मी म्हटलं. अजून.
बोट अजून आलेली नाही.
किंवा, तरीसुद्धा.
वादळ होतं, तरीसुद्धा बोट आली.
(एकतीस वर्षं बंदराच्या कचेरीत होते,
माझी उदाहरणं सगळी बोटींचीच.)
एवढं तिला ठाऊक होतं. आणखी, ती म्हणाली.
आणखी म्हणजे, निश्चल.
वारा पडला की धक्क्याजवळचं पाणी होतं ना, तसं.

तिने पेनाला टोपण लावलं.
मार्चमध्ये, ॲबर्डीनच्या हॉस्पिटलात,
नर्स माझा हात धरून काही बोलली.
शब्द एकच होता. मी दोन ऐकले.
स्टिल. बॉर्न.
वाटलं, म्हणतेय, तरीसुद्धा जन्मला.
इतकं सगळं होऊन, तरीसुद्धा.
मी थँक्यू म्हटलं.
त्याच्यासाठी टोपी मागितली.
तिने दिली. पिवळी होती.

रेडिएटर ठकठकत राहिला.
मला वाटलं, हे कार्ड काढून टाकावं,
हात पुढेही केला.
तिने त्यावर तळवा ठेवला,
मग उलटवलं, टोपण काढलं
आणि कोऱ्या बाजूवर लिहीत गेली,
तीन ओळी, चौथी अर्धी, कडेपर्यंत.
फुंकर मारून शाई वाळवली.
कार्ड खोक्यात गेलं नाही, कोटाच्या खिशात गेलं.

पुढचं कार्ड 'शिडी' निघालं.
रिमविदासने ते वाचलं, मोठ्याने,
कुणी सांगितलं नसताना,
दोनदा.