बर्फ तुडवण्याचं काम

जानेवारीत बागेत काम नसतं म्हणणाऱ्यांना
बाग नसते.

तळघरात डेलियाचे कंद वाळूत ठेवलेत.
पंधरवड्यातून एकदा उतरते, एकेक चाचपते,
अंगठ्याखाली दबला तो बादलीत.
यंदा सात गेले. जांभळा तर सगळाच.
करवतीला कानस मारली, जवसाचं तेल चोळलं,
फावड्याच्या दांड्यालाही,
उरलं ते माझ्या टाचांच्या भेगांना.
पिवळ्या पोटाच्या पाखरांसाठी
बिनमिठाच्या चरबीचा गोळा दोरीला टांगला,
तो मांजरानं पाहिलाय, हेही मी पाहिलंय.

आणि बर्फ तुडवायचं.
नवं पडलं की नव्यानं,
सफरचंदाच्या प्रत्येक झाडाभोवती.
भुसभुशीत बर्फाखालून उंदीर बोगदे काढतात,
खोडाशी पोचतात, साल गोल कुरतडतात,
बांगडी उतरवावी तशी.
झाडाला लगेच कळत नाही.
मे महिन्यात ते पालवतंसुद्धा, सवयीनं,
मग उभ्याउभ्या जातं.
तुडवून घट्ट केलेलं बर्फ म्हणजे उंदराला भिंत.
म्हणून नमद्याचे बूट चढवायचे आणि फेरे घालायचे.
प्रदक्षिणाच म्हणा,
फक्त मागायचं काही नाही,
आणि गुडघे बोलतात.

कुंपणापलीकडे तालिवाल्डिसची अकरा झाडं.
तीन हिवाळे आमचं बोलणं नाही.
माझ्या पिवळ्या सफरचंदाची फांदी
त्याच्या मधमाश्यांच्या पेट्यांवर सावली धरायची म्हणे.
फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी दूध आणायला गेले,
आले तर फांदी नाही.
नुसता पांढरा काप, माझ्याकडे बघणारा.
त्या सफरचंदाला नाव नाही.
माझ्या आजोळच्या शेतावरून आलेलं,
ते शेत आता पाइनचं रान आहे.

डिसेंबरात तो विहिरीपाशी घसरला,
खुब्याचं हाड मोडलं. वाल्मिएराच्या इस्पितळात आहे.
मुलगी आयर्लंडला. कुत्रा पोस्टमनकडे.
झाडांचं कुणी बघितलं नाही.
मी बघितलं. खिडकीतून, नऊ दिवस.
बर्फ गुडघाभर, हात न लागलेलं,
आणि त्यावर उंदराच्या पावलांची बारीक टीप,
शिवणयंत्रानं घातल्यासारखी.

दहाव्या दिवशी, साडेतीनला, अंधारून येताना
मी कुंपणाच्या फटीतून गेले.
त्याच्यासाठी नाही. झाडांनी काय केलंय?
एक, दोन, चार. सहाव्यापाशी दम खाल्ला.
दहा झाली.
अकरावं लहान, पेट्यांपासून लांब, उन्हाच्या बाजूला.
खांद्याएवढ्या उंचीवर कलमाची गाठ,
मेणाखाली चांगली भरून आलेली,
आणि तारेला पत्र्याचा तुकडा,
खिळ्यानं ठोकून लिहिलेलं:
वेल्टाचं. पिवळं.

मी हातमोजा काढून अक्षरं चाचपली.
मग पहिल्यांदा आला तो राग.
विचारून नेली असतीस तर टोपलीभर काड्या दिल्या असत्या, मूर्खा.
मग थंडी आली.
मग काय आलं ते मी इथे लिहिणार नाही.
त्या झाडाभोवती एक फेरा जास्त पडला असेल.
मोजला नाही.

घरी येऊन बीटचं सूप गरम केलं.
खिडकीतून माझ्या पावलांची वाट स्वच्छ दिसत होती,
कुंपणापासून थेट अकराव्यापर्यंत,
जाताना सरळ, येताना जरा वाकडी.
सोमवारी त्याला घरी सोडणार आहेत म्हणे.
त्याआधी बर्फ पडावं, वाट झाकावी,
त्याला कळू नये.

पण पडलं
तर परत तुडवायला जावं लागेल.

बूट चुलीपाशी उलटे ठेवलेत.
बाहेर वारा थांबलाय.