सोयऱ्यांना

कंपनीनं आक्टोबरात हात वर केले:
तुमच्या मशीनची मुदत संपली, आता नवं घ्या.
मशीनला हे कोणी सांगितलं नाही.
ते आपलं चालूच होतं,
पंख्यात जिनिंगची रुई, डाव्या शिफ्टवर सेलोटेप,
मानवतच्या मोंढ्यासमोर, आमच्या गाळ्यात.

मुबीन म्हणाला, ताई, फेकता कामून?
पेनड्राइव्हमधी फुकटातलं आणलंय.
फुकट म्हणजे कसं रे,
प्रसादासारखं का निवडणुकीतल्या साडीसारखं?
पाणपोईसारखं, म्हणाला.
रांजण कोणीतरी भरतंय.
कोण ते बघायचं असलं तर तेही लिहून ठेवलेलं असतंय.

अकरा वर्षांचं डबडं पळायला लागलं.
खाली पट्टी, वर घड्याळ,
अर्ध्या पाट्या मराठीत, अर्ध्या तशाच राहिलेल्या.
ज्यानं 'कचरापेटी रिती करा' असं लिहिलं
तो इकडचाच असावा.
पुण्याचा 'रिकामी' म्हणाला असता.

मग नवी आवृत्ती आली.
पडद्यामागं चाळीस वर्षं राबलेला जुना गडी
घरी बसवला,
वेलँड नावाचा नवा ठेवला.
चांगला होता, खोटं कशाला बोलू.
खिडकी भरभर ओढली तरी
मधूनच फाटत नव्हती.
फक्त माझं एक अक्षर त्याला समजंना.

आणि नेमकी तेव्हाच
लिंबाजी सोळंक्यांच्या शिवकांताची पत्रिका.
'सर्व सोयऱ्यांना आग्रहाचं निमंत्रण.'
मी र खाली ठेवायची,
तो उचलून डोक्यावर बसवायचा, रफार करून.
पुन्हा खाली. पुन्हा वर.
लिंबाजी म्हणाले, चालतंय की, कोण बघतंय?
मी म्हणाले, सोयरेच बघतेत.

शेवटी 'सोय' आणि 'यांना' यांच्यामधे
फट सोडून साडेतीनशे छापल्या,
आणि रात्री मी आणि मुबीन
काळ्या पेननं एकेक कोयरी भरत बसलो.
दोनशेच्या पुढं त्याच्या कोयऱ्या
अळ्यांसारख्या दिसायला लागल्या.

त्याच रात्री मी तक्रार लिहिली,
मोडक्या इंग्रजीत, पहिल्यांदाच.
लिहिलं, हा दोष नाही म्हणू नका,
हे आमचं अक्षर आहे.

तीन आठवडे काही नाही.
मग एकाचं उत्तर,
नाव मला अजून नीट म्हणता येत नाही,
पाच व्यंजनं लागोपाठ, स्वर शेवटी एकदाच.
त्यानं विचारलं होतं:
मला तुमची लिपी वाचता येत नाही.
दोन्ही चित्रं मोठी करून पाहिली.
हा फरक खरंच महत्त्वाचा आहे का?

राग आला, मग गेला.
विचारलं तरी होतं.
मी लिहिलं: दर्या म्हणजे समुद्र.
दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा.
एवढ्याशा रेघेवर माणूस
बुडायचा का पडायचा ते ठरतं.
मानवतला दोन्ही नाहीत,
पण शब्द दोन्ही लागतात.

त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं: समजलं.

शिवकांता एव्हाना सासरी गेली होती, माजलगावला.
चैत्रात अपडेट आलं.
बदलांची यादी लांबलचक;
बॅटरी, रंग, दोन स्क्रीन, काय काय.
एकशे सातव्या ओळीत
माझा र, त्याच्या इंग्रजीत,
पापणीसारखा र म्हणतात म्हणे त्याला तिकडं.
खाली त्याचं नाव, माझं नाव,
मधे स्वल्पविराम.

मुबीन गॅरेजला गेला होता.
मी एकटीनं टाइप केलं: सोयऱ्यांना.
जागेवर बसला. पुसलं, पुन्हा टाकलं,
गिऱ्हाईक येईपर्यंत हेच.

सातबाऱ्याची झेरॉक्स काढताना आठवलं,
त्याच्याकडं यातलं काय आहे,
समुद्र का दऱ्या,
विचारायचं राहूनच गेलं.