दोन दिवे

तफ्तच्या पलीकडे, डाळिंबाच्या बागा संपतात तिथल्या घरात
महताब गालिच्यावर पालथी पडून गणित सोडवते आहे.
दोन बिंदू दिलेत: (२, ३) आणि (६, ५).
रेषेचा चढ काढा. समीकरण लिहा.

माझ्या शाळेच्या पुस्तकात त्याला चढ म्हणत.
तिच्या पुस्तकात शब्द आहे शीब. म्हणजे उतार.
रेघ तीच.
आम्ही तिच्या पायथ्याशी उभे राहून मान वर करायचो,
हे लोक माथ्यावरून बघतात,
पाणी बघतं तसे.

y मधला फरक दोन, x मधला चार.
"निम्मा," ती म्हणते,
आणि चहाच्या पेल्यामागे बमानअली हसतो, बोळकं दिसेपर्यंत.
"निम्मा? अगं, तेवढ्या उतारावर पाणी राहत नाही, दरोडेखोर होतं.
भिंती खरवडतं, छत खाली आणतं.
हजार पावलांना एक पाऊल द्यायचं.
थोडं कमी दिलंस की गाळ बसतो, सुस्तावतं."

चाळीस वर्षं तो जमिनीखाली रांगत कनात खणायचा,
पांढरे कपडे घालून,
म्हणजे वर कोणी वेगळं कफन शोधायला नको.
m आणि c त्याला माहीत नाहीत.
"c म्हणजे?"
"x शून्य असतो ना, तेव्हा रेषा जिथे असते ते."
तो जरा थांबतो. "चालायला लागायच्या आधीची उंची."
"हो."
"मग तिला आईविहीर म्हण की."

महताब वहीत लिहिते:
y बरोबर x भागिले दोन, अधिक दोन.
आणि न विचारता राहवत नाही म्हणून विचारते,
अंधारात सरळ कसं जायचात, आजोबा?

"दोन दिवे. पाठीमागे, एकामागे एक, अंतर ठेवून.
खणता खणता वळून बघायचं.
एकाने दुसऱ्याला झाकलं, तर तू रेषेवर.
दोन दिसले, तर चुकलास."

मग पेला खाली ठेवतो.
साखरेचा खडा अजून जिभेखाली असावा, शब्द अडखळत येतात.
"अकराव्या आणि बाराव्या विहिरीच्या मधे
मागचा दिवा विझला. अस्करजवळचा.
मला वाटलं, तेल संपलं.
तेल नव्हतं संपलं, हवा संपली होती."

एका बिंदूतून किती रेषा जातात?
महताबला माहीत आहे. मागच्याच आठवड्यात पाठ केलंय.
अगणित.

"तेवढ्या सगळ्या दिशांना मी हाका मारल्या."

भाऊ अकराव्या विहिरीतून वर आला,
चरखाच्या दोरावर, सरळ,
आयुष्यात पहिल्यांदाच न रांगता.

ती पेन्सिलीचं टोक चावते.
त्याच्यासाठी काहीतरी म्हणायचं आहे
आणि तिच्याजवळ फक्त नववीचं पुस्तक आहे.
"उभ्या रेषेला शीब नसतो, आजोबा.
शून्याने भागावं लागतं, ते जमत नाही.
नुसतं x बरोबर अकरा लिहितात. एवढंच."

"एवढंच," म्हातारा म्हणतो.
"एवढंच लिहितात."

पुढचे बावीस हात त्याने एकाच दिव्यावर खणले होते.
कनात तिथे वाकडी आहे, कोपरात हात मोडल्यासारखी.
गावात कोणाला माहीत नाही.
पाणी वळतं, तक्रार करत नाही,
मशिदीच्या हौदात येतं तेव्हा सरळच वाटतं.

आईने आतून जेवायला हाक मारली.
बमानअली उठता उठता वहीकडे वाकतो,
आकडे वाचता येत नाहीत तरी बोट ठेवतो.
"दुसरा दिवा लावून बघितलास का?"

ती x च्या जागी सहा घालते.
तीन. अधिक दोन.

पाच येतात.