बाक

दिवाळे गावात, मासळी बाजाराच्या मागे,
समाजहॉलच्या वरच्या खोलीत
साडेसात ते नऊ माझा इंग्रजीचा वर्ग.
सात बायका, दोन रिक्षावाले
आणि पोसू नाखवा, वय एकाहत्तर,
वहीला कव्हर घातलेलं
कॅलेंडरचा मार्च महिना उलटा करून.

आज फळ्यावर लिहिलं : बँक.
म्हटलं, अर्थ दोन.
एक, तुमचं पासबुक जिथलं ती.
दुसरा, पाण्याचा काठ.
चांगुणाबाय हसली :
"काठाव पैसं ठेवलं तं भरती नेल की!"
नेतेच, म्हटलं, कधीकधी.

मग घरून वाचून आणलेलं सांगू लागले.
लांब तिकडे इटलीत, भर चौकात,
सराफ फळी टाकून बसायचे,
परक्या गावची नाणी पारखायचे.
त्या फळीचंच नाव पैशाच्या घराला पडलं.
आणि काठ म्हणजे तरी काय,
पाण्याकडे तोंड करून मातीनं घातलेली बैठक.
दोघी एकाच घरच्या, फार जुन्या घरच्या.

"आनि ह्यो?"
नाखव्यांनी बुडाखाली थाप मारली.
"ह्यो बाक?"

टिपणात नव्हता.
खिडकीत जाऊन, रेंज पकडून, मोबाईलवर शोधला.
बाकही तिथलाच.
पोर्तुगीज या खाडीत आले,
पुढे गेले, आणि जाताना
चावी, पगार, बटाटा यांच्याबरोबर
हा इथेच राहिला,
दोनशे बोटींच्या गावात, चार पायांवर.

मी वळले तर नाखवा बोलतच होते,
मूळ-बिळ ऐकत नव्हते :
"होरीत पन बाक आसतो. आडवा.
हप्ते थकले तवा बँकवाल्यांनी होरी नेली.
मी म्हनलं, न्या.
बाक तेवढा रातचा काढून ठेवलेला.
त्याव बसून सून आता मासली साफ करते."

कुणी हसलं नाही. रिक्षावाल्याचा फोन वाजला, त्याने तो कापला.

उद्याचा शब्द इंटरेस्ट होता :
रस, आणि व्याज.
तो मी वहीतून खोडला,
मग परत लिहिला.

शेवटी सगळ्यांना एकेक वाक्य करायला सांगितलं.
नाखव्यांनी देवनागरीतच लिहिलं, जाड पेनाने :
माय बँक इज इन माय हाऊस.

लाल पेन उघडं धरून
मी बराच वेळ त्या ओळीवर थांबले.
खाली कुणीतरी बर्फाची पेटी ओढत होतं.